बीपीची गोळी चालू असताना कोलेस्टेरॉलचं सप्लिमेंट: डबा उघडण्याआधी काय तपासायचं

बीपीची गोळी चालू आहे आणि त्यात रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, की सल्ला द्यायला माणसं कमी पडत नाहीत. मेडिकलवाला लसणाच्या कॅप्सूल दाखवतो, जिममधला पोरगा फिश ऑइल सुचवतो, ओळखीची बाई साखळी-विक्रीतला डबा घरी घेऊन येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, वाक्य तेच ऐकू येतं: "घ्या की, सगळं झाडपाल्याचं हाय, काय होतंय?"

होतं. काही पदार्थ बीपी चढवतात. काही गोळीचा असर वाढवून उभं राहताना चक्कर आणतात, तर काही गोळी रक्तात नीट पोचू देत नाहीत. म्हणून बीपी असलेल्या माणसाने "यानं कोलेस्टेरॉल उतरतं का?" याच्याही आधी विचारायचं ते हे: "माझ्या चालू गोळीबरोबर याचं जमतं का?" उत्तर शोधायचं कसं, ते खाली क्रमाने दिलं आहे.

१. आधी कागद आणि पाकिटं जमवा

एका पिशवीत हे सगळं घाला:

- चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी. चिठ्ठी नव्हे, पट्टीच.
- शेवटचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट, आणि त्याआधीचा असेल तर तोही.
- क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटॅशियम, एसजीपीटी (यकृतासाठी), साखर आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) यांचे रिपोर्ट.
- घरी मोजलेल्या बीपीची सात दिवसांची वही.
- सप्लिमेंटचा डबा, किंवा त्याच्या चारही बाजूंचे फोटो.
- घरात चालू असलेली चूर्णं, काढे, आसवं, वजन कमी करायची पावडर, खोकल्याच्या वड्या. "ते काय औषध नव्हे" म्हणून ज्या गोष्टी वगळाव्याशा वाटतात, त्या तर नक्की घाला.

सीमाभागात इथेच घोळ होतो. निपाणीच्या माणसाचा हृदयाचा डॉक्टर कोल्हापुरात असतो, अथणी-कागवाडचा मिरजेला जातो, आणि रोजच्या गोळ्या मात्र गावच्या सरकारी दवाखान्यातून येतात. एका ठिकाणची चिठ्ठी इंग्रजीत, दुसरीकडची कन्नडमध्ये, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसलेली नसते. मग एकच टेल्मिसार्टन दोन कंपन्यांच्या नावांनी दोन वेळा पोटात जातं. म्हणून पट्टीवरचं ठळक नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव एका कागदावर उतरवा: अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, क्लोरथॅलिडोन. नावापुढे "एएम", "एच", "सीटी" अशी अक्षरं असली तर गोळीत दुसरं औषधही मिसळलेलं आहे. "एच" म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड, "सीटी" म्हणजे क्लोरथॅलिडोन. ही दोन्ही लघवी वाढवणारी औषधं आहेत आणि पुढे ज्येष्ठमधाच्या मुद्द्यात ती परत येणार आहेत.

२. कोलेस्टेरॉल का वाढलं, ते आधी बघा

थायरॉइड मंद असला की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, आणि थायरॉइडची गोळी सुरू झाली की बऱ्याच जणांचं आपोआप उतरतं. टीएसएच न करता सप्लिमेंट घेणं म्हणजे पैसे वाया. साखर ताब्यात नसली किंवा दारू चालू असली तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर रिपोर्टातलं हिशोबाने काढलेलं एलडीएल भरवशाचं नसतं. उपाशीपोटी पुन्हा तपासा आणि लॅबला थेट मोजलेलं एलडीएल मागा.

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, स्टेंट बसला असेल, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, मधुमेह असेल, तर सप्लिमेंटच्या भानगडीत वेळ घालवू नका. तिथे स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या डॉक्टरी गोळीचा, निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यायचा असतो.

एक आकडा हाताशी ठेवा. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०२२ साली एक चाचणी जाहीर केली. रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनची सगळ्यात लहान, ५ मिलिग्रॅमची गोळी एका गटाला. इतर गटांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, रेड यीस्ट राइस किंवा नुसती बिनऔषधी गोळी. २८ दिवसांनी स्टॅटिनच्या गटाचं एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं होतं. सप्लिमेंटच्या सहाही गटांत बिनऔषधी गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. चाचणी छोट्या मुदतीची होती हे खरं, पण दुकानात "महिन्यात फरक" असं सांगतात तेव्हा ती आठवावी.

३. डबा उलटा करा आणि मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला हृदयाचं चित्र असतं, कामाचं सगळं मागे असतं.

भारतात अशा वस्तू दोन वाटांनी विकल्या जातात. पहिली अन्नाची: डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक, "हेल्थ सप्लिमेंट" किंवा "न्यूट्रास्यूटिकल" हे शब्द आणि "नॉट फॉर मेडिसिनल यूज" ही ओळ. दुसरी आयुर्वेदिक औषधाची: तिथे औषध बनवण्याचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख हवी. यातलं काहीच नसलं, नुसत्या प्लास्टिकच्या पुडीवर स्टिकर असलं, तर वस्तू परत करा. एफएसएसएआयचा क्रमांक "फूड सेफ्टी कनेक्ट" ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते बघता येतं. क्रमांक जुळला म्हणजे कंपनी नोंदलेली आहे एवढंच ठरतं. वस्तू तुमच्या गोळीबरोबर चालते की नाही, हे त्या क्रमांकात नसतं.

डब्यावर किंवा पत्रकात "बीपी कायमचं बरं" असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. १९५४ च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात, ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत रक्तदाब आहे. जो हा कायदा पाळत नाही, तो आतल्या मालाचं प्रमाण पाळत असेल असं धरून चालू नका.

"प्रोप्रायटरी ब्लेंड" असं लिहून सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलं असेल, तर कोणता घटक किती आहे ते कळत नाही. अशा डब्याबद्दल डॉक्टर किंवा फार्मासिस्टही काही सांगू शकत नाही. तो घेऊच नका.

४. घटकाप्रमाणे निर्णय

रेड यीस्ट राइस, म्हणजे लाल बुरशी लावून आंबवलेला तांदूळ. लेबलवर मोनॅस्कस पर्प्युरियस किंवा मोनॅकोलिन के अशीही नावं असतात. मोनॅकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हे रासायनिकदृष्ट्या एकच. म्हणजे हा "नैसर्गिक" डबा खरं तर मात्रा न सांगितलेलं स्टॅटिन आहे. एटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन चालू असताना हे घेतलं तर एकावर दुसरं स्टॅटिन चढतं. बीपीसाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालू असेल तर धोका आणखी मोठा: ही औषधं लोव्हास्टॅटिनचा यकृतातला निचरा अडवतात, रक्तातली मात्रा चढते आणि स्नायू दुखायला, क्वचित झिजायलाही लागतात. झिजलेल्या स्नायूंचा भार मूत्रपिंडावर पडतो. त्यात आंबवण्याची प्रक्रिया नीट झाली नाही तर सिट्रिनिन नावाचं विष तयार होतं, तेही मूत्रपिंडालाच घातक. युरोपीय संघाने २०२२ मध्ये मोनॅकोलिनची मर्यादा दिवसाला ३ मिलिग्रॅमच्या खाली आणली. जपानमध्ये २०२४ च्या मार्चमध्ये लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडाचे विकार झाल्याच्या तक्रारी आल्या आणि माल परत मागवावा लागला. बीपीमुळे ज्याच्या मूत्रपिंडावर आधीच ताण आहे, त्याने हा डबा ऑनलाइन मागवू नये, एवढं स्पष्ट सांगतो.

ज्येष्ठमध. याला यष्टिमधु म्हणतात, इकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात अतिमधुर या नावानेही मिळतं. लेबलवर ग्लायसिरायझा ग्लॅब्रा. कोलेस्टेरॉलच्या मिश्रणांत, घशाच्या गोळ्यांत आणि काढ्यांत हे चव आणायला टाकतात, त्यामुळे लक्षात येत नाही. यातलं ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातली एक व्यवस्था बंद पाडतं. मग कॉर्टिसोल हे अंगातलंच संप्रेरक तिथे मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं वागायला लागतं: मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइडही पोटॅशियम घालवतात. दोन्ही मिळून पायांत गोळे, अशक्तपणा आणि हृदयाचे ठोके चुकणं इथवर जातं. गोळी नियमित घेऊनही बीपी उतरत नसेल, तर घरातल्या काढ्याची पुडी एकदा वाचा.

गुग्गुळ. कोलेस्टेरॉलसाठी आपल्याकडे सगळ्यात जास्त नाव याचंच. पण २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचं एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. बीपीच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, भारतातच झालेल्या एका अभ्यासात गुग्गुलिपिडमुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल यांचं रक्तात पोचणारं प्रमाण घटलेलं दिसलं. म्हणजे गोळी गिळली तरी पुरती लागू पडत नाही. संधिवातासाठी वैद्यांनी गुग्गुळाचा कल्प दिला असेल तर तो स्वतःहून बंद करू नका, पण बीपीच्या गोळीचं नाव वैद्यांना सांगा.

बर्बेरिन, म्हणजे दारुहळदीतला अर्क. हल्ली ऑनलाइन याची फार जाहिरात आहे. एलडीएल थोडं उतरतं, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. पण औषधं मोडणाऱ्या यकृतातल्या वाटा ते अडवतं, आणि लोसार्टन, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधं त्याच वाटांनी जातात. शिवाय ते साखरही उतरवतं, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर खाली जाऊ शकते. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनी ते घेऊच नये, बाळाची कावीळ वाढू शकते.

नायसिन. मोठ्या मात्रेत चेहरा लाल होतो, अंग तापल्यासारखं वाटतं, बीपी एकदम खाली येऊ शकतं, साखर आणि युरिक ॲसिड वाढतं, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांनी यकृताला इजा होऊ शकते. स्टॅटिन चालू असताना वर नायसिन दिल्याने हार्ट अटॅक कमी होत नाहीत, हे मोठ्या चाचण्यांत दिसून आलं. मल्टिव्हिटॅमिनमधले १५-२० मिलिग्रॅम ही वेगळी गोष्ट, त्याची काळजी नको.

फिश ऑइल. हे ट्रायग्लिसराइडसाठी असतं. एलडीएल यानं उतरत नाही, काहींचं किंचित चढतं. १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये कामाचा भाग, म्हणजे ईपीए आणि डीएचए मिळून, बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतो. बाकी नुसतं तेल. जास्त मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

लसूण. फोडणीतली, चटणीतली लसूण बिनधास्त खा. कॅप्सूल मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेऊ नका. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, सहसा आठवडा-दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

हळद-मिरी, ग्रीन टी, कोकम जातीचे अर्क. जेवणातली हळद आणि सोलकढी यांचा इथे काही संबंध नाही. प्रश्न आहे तो घट्ट अर्कांच्या कॅप्सूलचा. कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पिपरिन घालतात, ते प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाची रक्तातली मात्रा वाढवतं. ग्रीन टीच्या अर्कातून ईजीसीजी हा त्याचा मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला की यकृताची एन्झाइम वाढताना दिसली आहेत. गार्सिनियाच्या, म्हणजे कोकम जातीच्या, वजन कमी करणाऱ्या गोळ्यांनीही यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. आणि "फॅट बर्नर"मध्ये सिट्रस ऑरँटियम, सिनेफ्रिन, योहिम्बिन किंवा भरपूर कॅफिन दिसलं, तर बीपीवाल्याने डबा खाली ठेवावा.

अर्जुनसाल. हिला इकडे कन्नडमध्ये मत्ती, होळेमत्ती म्हणतात. नदीकाठच्या झाडाची ओळखीची साल, म्हणून लोक स्वतःच उकळून पितात. तिने बीपी आणखी उतरू शकतं. घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या देखरेखीखाली. शहापूरला केएलईचं आयुर्वेद महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तिथे चालू गोळ्यांची यादी घेऊन जाता येईल.

त्यातल्या त्यात सुरक्षित: इसबगोल आणि वनस्पती स्टेरॉल. साधं इसबगोल, दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास, दोन वेळांत विभागून. एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. पहिला आठवडा ५ ग्रॅमवरच राहा, नाहीतर पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो. प्रत्येक वेळी पूर्ण ग्लास, म्हणजे २०० ते २५० मिली पाणी. कमी पाण्यात घेतलं तर ते घशात फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास असेल किंवा आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर नको. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी विचारा. चवीची, फसफसणारी पाकिटं टाळा, त्यांत साखर किंवा सोडा असतो.

वनस्पती स्टेरॉल, म्हणजे वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ, दिवसाला २ ग्रॅम, जेवणाबरोबर; ८ ते १० टक्क्यांचा फरक पडू शकतो. बीपीच्या गोळ्यांशी याचं सहसा भांडण नाही. गरोदरपणात आणि सिटोस्टेरोलेमिया हा दुर्मिळ आनुवंशिक विकार असलेल्यांनी घेऊ नये.

जवसही चांगलं. पण आपली जवसाची चटणी मिठाची असते आणि भाकरीबरोबर चमचा-चमचा करत किती जाते ते कळत नाही. दिवसाचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याच्या आत हवं. जवस भाजून, बिनमिठाची पूड करून ताकात किंवा पिठात घाला. मात्र मीठ कमी करायचं म्हणून पोटॅशियमचं "लो सोडियम" मीठ आणू नका, निदान टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना तरी. रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.

५. वेळा ठरवा

इसबगोल आणि जवस गोळीला चिकटून तिला शोषू देत नाहीत. गोळी आधी, इसबगोल निदान दोन तासांनी. थायरॉइडच्या गोळीला चार तासांचं अंतर. सकाळी ७ ला बीपीची गोळी घेत असाल तर इसबगोल दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी बसतं. रात्रीही गोळी असेल तर ती झोपताना ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून वेळ हलवू नका.

६. एका वेळी एकच, आणि वही लिहा

दोन गोष्टी एकदम सुरू केल्या तर चक्कर कशाने आली ते सांगता येत नाही. सुरू करण्याआधी सात दिवस आणि नंतर दोन आठवडे बीपी मोजा. मनगटावरचं मशीन नको, दंडावरचं घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर आधी बीपी ताब्यात आणायचं, कोलेस्टेरॉलचा डबा नंतर.

आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, बरोबर एसजीपीटी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. शक्यतो त्याच लॅबमध्ये. एलडीएल हललं नसेल तर डबा बंद. "अजून दोन महिने घेऊन बघा" हे विकणाऱ्याचं गणित आहे.

आणि बीपीची किंवा स्टॅटिनची चालू गोळी सप्लिमेंटच्या जोरावर कधीही बंद करायची नाही. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, कारण गोळी सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही.

७. केव्हा थांबायचं, कुठे जायचं

मांड्या-दंड विनाकारण दुखणं, लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे, सतत मळमळ, अंगावर पुरळ, पाय सुजणं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काहीही झालं तर सप्लिमेंट त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना डब्यासह भेटा. स्नायूदुखीत सीपीके ही तपासणी मागून घ्या.

बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल तर १०८ ला फोन करा. घरी पुन्हा पुन्हा मोजत बसू नका, जास्तीची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. नुसता आकडा जास्त आहे, बाकी त्रास नाही, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा आणि तेवढाच राहिला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बेळगावात बिम्सचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं, जिल्हा रुग्णालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयातही बीपी, क्रिएटिनिन बघितलं जातं. कर्नाटकात सल्ल्यासाठी १०४ हा आरोग्य सहाय्यवाणीचा क्रमांक आहे.

दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषध-सतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः करू शकतो. त्यासाठी डबा फेकू नका: बॅच नंबर, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, आणि बरोबर चालू असलेल्या गोळ्यांची यादी त्यांना लागते.